वरमाला रेझिनमध्ये जतन करण्याचा घरगुती व्यवसाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नातला हार, मुंडावळ्या, अक्षता, अंतरपाटाचा तुकडा किंवा बाळाचं जावळ पारदर्शक रेझिनमध्ये (हार्डनर नावाचं दुसरं द्रव मिसळल्यावर कडक होणाऱ्या द्रवात) कायमचं बसवून देणाऱ्यांसाठी, आणि हे काम सुरू करू पाहणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. या कामातली सगळ्यात मोठी अडचण आधीच सांगितलेली बरी: कच्चा माल पुन्हा विकत मिळत नाही. रेझिनचं ताट बिघडलं तर दुसरं ओतता येतं, पण लग्नातला हार एकच असतो. म्हणून पुढच्या बहुतेक उत्तरांत सावधगिरी जास्त दिसेल.

रेझिनकाम येतं, कोस्टर (पेल्याखाली ठेवायच्या चकत्या) आणि कीचेन केलेत. लगेच वरमालेची ऑर्डर घेऊ का?

नको. कोस्टर ८ ते १० मिमी जाड असतो, वरमालेचा ठोकळा ३ ते ५ सेंमी. जाडी वाढली की रेझिन आतून तापतं, आणि कोस्टरमध्ये न दिसलेल्या सगळ्या चुका इथे दिसतात. बाजारातून साधे हार आणा, ते वाळवा आणि पूर्ण आकाराचे किमान चार ठोकळे ओता. त्यातला एक तरी पावसाळ्यात ओतलेला असू द्या. ते खिडकीजवळ दोन-तीन महिने ठेवून बघा. फुलाभोवती तपकिरी कडा आली नाही, पृष्ठभाग चिकट राहिला नाही, तर ऑर्डर घ्या.

हार आपल्याकडे पोहोचेपर्यंत ग्राहकाने काय करायचं?

निम्मं काम इथेच बिघडतं. लग्नाच्या आठवडाभर आधी ग्राहकाला असा निरोप पाठवून ठेवा: "ताई, हार काढल्यावर त्यावर पाणी मारू नका. कोरड्या वर्तमानपत्रात सैल गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा आणि खोकं फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. फ्रीझरमध्ये नको, प्लास्टिकच्या बंद पिशवीतही नको. दुसऱ्या दिवशी पाठवा." हा निरोप नवरीला पाठवून उपयोग नसतो, तिला त्या दिवशी फोन बघायला वेळ कुठला. करवलीचा किंवा मावशीचा नंबर मागून घ्या.

प्लास्टिकमध्ये फुलं घामाघूम होतात आणि एका रात्रीत काळी पडतात. फ्रीझरमध्ये पाकळीतल्या पाण्याचा बर्फ होऊन पेशी फुटतात. बाहेर काढल्यावर फूल शिजवल्यासारखं लोंबतं. लग्नानंतर ४८ तासांच्या आत हार हातात आला पाहिजे. बाहेरगावचं असेल तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सने किंवा माणसाबरोबर येणं साध्या कुरिअरपेक्षा बरं, कारण रविवारच्या लग्नाचं पार्सल गोदामात पडून राहतं.

कोणती फुलं चांगली टिकतात आणि कोणती नाहीत?

गुलाब, शेवंती, झेंडू, ऑर्किड आणि जिप्सी ही कामाची. झेंडूचा पिवळा-केशरी रंग फार चांगला टिकतो. लाल गुलाब मात्र वाळल्यावर मरून होतो आणि रेझिनमध्ये जवळजवळ काळा दिसू शकतो. गुलाबी गुलाब त्या मानाने आपला रंग राखतो.

मोगरा आणि निशिगंध यांच्याबद्दल ग्राहकाशी स्पष्ट बोला. आपल्याकडच्या हारांत हेच जास्त, आणि हेच सगळ्यात लवकर तपकिरी पडतात. मोगरा फिकट बदामी रंगावर थांबला तर ते उत्तम काम समजायचं. पांढराशुभ्र राहील असं कोणालाही सांगू नका. निशिगंधाच्या कळीत पाणी इतकं असतं की बरेच कारागीर त्याच्या दोन-चार कळ्याच घेतात.

पांढऱ्या पाकळ्यांची आणखी एक गंमत आहे. वाळलेली पाकळी रेझिन शोषते आणि ओल्या कागदासारखी पारदर्शक होते. ओतताना सुंदर दिसणारं फूल दुसऱ्या दिवशी भुतासारखं धूसर दिसतं. उपाय: वाळलेल्या पांढऱ्या फुलांवर क्लिअर ॲक्रिलिक स्प्रेचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येकानंतर वाळायला वेळ, आणि शेवटच्या हातानंतर एक पूर्ण दिवस थांबा.

फुलं नेमकी कशी वाळवायची?

बारीक दाण्याच्या सिलिका जेलमध्ये. चपला-पर्सच्या खोक्यात येणारे जाड मणी पाकळ्यांवर खड्डे पाडतात, ते नकोत. निळ्या रंगाचं जेल ओलावा पकडल्यावर गुलाबी होतं, पण त्यात कोबाल्टचं क्षार असतं. नारिंगी रंगाचं घ्या, ते हिरवट होतं. दोन हारांतून निवडलेल्या फुलांना साधारण ४ किलो जेल लागतं.

हार आल्या दिवशीच दोरा कापा, डाग नसलेली फुलं निवडा. हारातली एक तृतीयांश फुलं कामाची निघाली तरी ठोकळ्याला पुरतात. झाकण घट्ट बसणारा डबा घ्या, तळाला २ ते ३ सेंमी जेल, त्यावर फूल तोंड वर करून, आणि मग चमच्याने पाकळ्यांच्या मधोमध हळूहळू जेल भरत वरपर्यंत या. एकदम ओतलं तर पाकळ्या चपट्या होतात. मोगऱ्याला ३ ते ४ दिवस, गुलाबाला ५ ते ७, झेंडूला आणि ऑर्किडला ८ ते १०.

दिवस मोजण्यावर विसंबू नका. पाकळी कागदासारखी वाजते तेव्हाही गुलाबाच्या देठाजवळची घुंडी आतून ओली असते, आणि पुढे तपकिरी कडा तिथूनच सुरू होते. खरी खूण वजनाची: ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर दोन-तीन फुलं एकत्र ठेवून वजन लिहा, पुन्हा जेलमध्ये ठेवा, २४ तासांनी परत मोजा. वजन बदललं नाही तर फूल वाळलं. घट झाली तर आणखी दोन दिवस.

बाहेर काढलेली फुलं उघडी ठेवू नका. पावसाळ्यात दोन तासांत ती हवेतला ओलावा परत ओढतात. वापरलेलं जेल ११० ते १२० अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये दोन-तीन तास ठेवलं की पुन्हा कामाला येतं. तो ओव्हन स्वयंपाकाचा नसावा.

अक्षता, मुंडावळ्या, सुपारी, अंतरपाट यांचं काय?

सुपारी आणि हळकुंड सहज बसतात. अक्षता ओल्या कुंकवाच्या असतात, म्हणून आधी पसरून आठवडाभर वाळवा, नाहीतर कुंकू रेझिनमध्ये पसरून गुलाबी ढग होतो. हळदीचा पिवळा रंग उन्हाने उडतो, हे ग्राहकाला आधीच सांगा.

दोरा, जरीचा गोंडा, कापड यांत हवा अडकलेली असते. कोरडं टाकलं तर त्यातून तासभर बुडबुडे येत राहतात. आधी वाटीभर मिसळलेल्या रेझिनमध्ये बुडवा, बोटाने दाबून हवा काढा, मग जागेवर ठेवा. मुंडावळ्यांचे मोती हलक्या प्रतीचे असतील तर त्यांचा मुलामा सुटतो का, हे एका मोत्यावर आधी बघा. नारळ, पेढा, विड्याचं ताजं पान यांना नम्रपणे नाही म्हणा.

कोणतं रेझिन घ्यायचं? किती लागतं?

या कामात वापरतात ते रेझिन म्हणजे इपॉक्सी. त्याचे दोन प्रकार ध्यानात ठेवा. कोटिंगचं रेझिन घट्ट, लवकर बसणारं म्हणजे कडक होणारं, एका थरात सहसा १० मिमीच्या आत वापरायचं. कास्टिंगचं रेझिन पातळ, सावकाश बसणारं, जाड थराला चालणारं, आणि पातळ असल्यामुळे बुडबुडे सोडणारं. ठोकळ्याला कास्टिंगचंच. डब्यावर प्रमाण वजनाचं दिलंय की मापाचं ते नीट वाचा. रेझिन आणि हार्डनरची घनता वेगळी असते, म्हणून वजनाचं प्रमाण मापाने घेतलं की चूक झालीच.

हिशोब असा. २० बाय २० सेंमीचा साचा, जाडी ४ सेंमी: १,६०० मिली. फुलं साधारण दहावा हिस्सा जागा घेतात, राहिले १,४४० मिली. इपॉक्सीचं एक मिली साधारण १.१ ग्रॅम भरतं, म्हणजे सुमारे १,६०० ग्रॅम. ३:१ वजनाच्या प्रमाणात रेझिन १,२०० ग्रॅम आणि हार्डनर ४०० ग्रॅम. पेल्याला चिकटून वाया जाणारं वेगळं धरा.

हार्डनर जास्त घातला तर लवकर बसतं, हा मोठा गैरसमज आहे. इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनर एकमेकांशी ठरावीक प्रमाणात जोडले जातात. जास्तीचा हार्डनर तसाच उरतो आणि ठोकळा कायम मऊ, चिकट राहतो.

ओतायची पद्धत सविस्तर सांगाल का?

टेबल पाणसळ लावून सपाट करा. गवंड्याकडची चालते. खोलीचं तापमान २२ ते २८ अंश, हवेतला ओलावा ६५ टक्क्यांच्या खाली. साचा धुऊन, पूर्ण कोरडा करून घ्या. हाताला खोबरेल तेल असेल तर साबणाने धुवा, तेलाच्या एका ठशाने पृष्ठभागावर डोळे पडतात आणि रेझिन तिथून मागे सरतं.

वरच्या हिशोबातल्या साच्याला चार थर सोयीचे, प्रत्येक ४०० ग्रॅमचा, म्हणजे ३०० अधिक १००. थर साधारण ९ मिमीचा होतो, फुलांच्या जागेमुळे वरचे थोडे जाड. लाकडी काडीने ४ ते ५ मिनिटं सावकाश ढवळा, कडा आणि तळ खरवडत राहा. मग ते दुसऱ्या स्वच्छ पेल्यात ओतून आणखी एक मिनिट ढवळा. पहिल्या पेल्याच्या कडेला न मिसळलेलं रेझिन राहतंच, आणि पेला साच्यावर उपडा करून निथळत ठेवला की तेच ठोकळ्यात चिकट डाग होऊन बसतं.

पहिला थर फुलांशिवाय. वाळलेलं फूल हलकं असतं, तरंगतं, म्हणून हा थर पाकासारखा घट्ट होईपर्यंत थांबा. मग प्रत्येक फुलाला आतून ब्रशने रेझिन लावून त्यावर टेकवा. ठोकळा साच्यातून उलटा निघत असेल तर तळ हीच दर्शनी बाजू, मग फुलांची तोंडं खाली. ही चूक पहिल्या ठोकळ्यात बहुतेकांकडून होते. दुसरा थर अर्ध्या फुलापर्यंतच घाला, फुलं जागेवर धरली गेली की तिसरा आणि चौथा.

दोन थरांमधलं अंतर बोटाने ठरवा. हातमोज्याच्या बोटाचा ठसा उमटतो पण तार निघत नाही, तेव्हा पुढचा थर ओतला तर तो आधीच्याशी एकजीव होतो. ही वेळ हुकून थर कडक झाला असेल तर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून, पुसून, मगच ओता. बुडबुड्यांवर हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र) सेकंद-दोन सेकंद फिरवा. एका जागी धरली तर पाकळी करपते आणि सिलिकॉनचा साचा खराब होतो. शेवटी धुळीसाठी वर खोकं झाका.

एकदम सगळं ओतलं तर वेळ वाचेल ना?

रेझिन बसताना उष्णता बाहेर टाकतं. थर जाड असला की ती आतच अडकते, आणि तापल्यामुळे क्रिया आणखी वेगाने होते. कोटिंगचं दीड किलो रेझिन एकदम ओतलं तर ते पिवळं पडतं, तडकतं, कधी धूर निघतो, आणि फुलं आत भाजून निघतात. मिसळलेलं रेझिन पेल्यात राहिलं आणि पेला हाताला चटका देऊ लागला, तर तो उघड्यावर फरशीवर ठेवून दूर व्हा.

पावसाळ्यात पृष्ठभागावर तेलकट, धुरकट थर येतो. काय करायचं?

हार्डनरची हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी क्रिया होऊन तो थर येतो. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे रोजचं. कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुऊन, कोरडं करून, मग पॉलिश पेपर मारा. आधीच घासलं तर तो थर आतच चोळला जातो. न धुता पुढचा थर ओतला तर तो काही महिन्यांनी सुटतो. छोट्या खोलीत एसी ड्राय मोडवर चालवा किंवा डिह्युमिडिफायर ठेवा. दोन्ही नसतील तर पावसाळ्यात फुलं फक्त वाळवून घट्ट डब्यात ठेवावीत आणि ओतण्याची तारीख दसऱ्यानंतरची द्यावी. बहुतेक ग्राहक थांबतात.

थंडीत उलटी अडचण येते. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात बाटलीतलं रेझिन साखर झाल्यासारखं पांढरट, खडेदार होऊ शकतं. बंद बाटली ५० अंशांच्या पाण्यात ठेवा, पूर्ण पारदर्शक झाल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग वापरा.

दोन दिवस झाले तरी एक भाग चिकटच आहे.

फक्त एक डाग असेल तर ढवळताना कडा सुटली. चिकट भाग खरवडून काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, भोवती पॉलिश पेपर मारून पातळ थर ओता. सगळाच ठोकळा मऊ असेल तर प्रमाण चुकलंय, आणि वरून ओतलेला थर ते झाकेल पण दुरुस्त करणार नाही. म्हणून प्रत्येक थराचं वजन वहीत लिहायचं.

पॉलिश?

शेवटच्या थरानंतर ७२ तास थांबा. ३२०, ६००, १०००, २००० असे पेपर पाण्यातून, मग पॉलिशिंग पेस्ट. कोरडं घासू नका, ती धूळ फुफ्फुसात जाते.

आरोग्याला धोका किती?

वास येत नाही म्हणजे निर्धोक, असं नाही. न बसलेलं रेझिन आणि हार्डनर त्वचेला लागत राहिले तर ॲलर्जी होते, आणि एकदा झाली की आयुष्यभर राहते. मग थेंबभर लागलं तरी हात आणि पापण्या सुजतात, आणि व्यवसाय सोडावा लागतो. नायट्राइलचे हातमोजे घाला, लेटेक्सचे नकोत. हाताला लागलं तर साबण-पाणी, थिनर अजिबात नाही, कारण तो रेझिन कातडीच्या आत नेतो. खिडकी उघडी, उलट बाजूला पंखा, आणि सेंद्रिय वाफांचा फिल्टर असलेला मास्क. कापडी मास्कचा काही उपयोग नाही. स्वयंपाकघरात हे काम करू नका, आणि उरलेलं रेझिन मोरीत ओतू नका. पेल्यातच कडक होऊ द्या आणि घन कचऱ्यात टाका.

किंमत कशी लावायची?

वरच्या २० सेंमी ठोकळ्याचं उदाहरण घेऊ. दर तुमच्या गावचे घाला, पद्धत हीच ठेवा. रेझिन १.६ किलो, ८०० रुपये किलोने १,२८०. जेल आणि स्प्रेची झीज १५०. साच्याची झीज १५०. हातमोजे, पेले, पॉलिश पेपर १७०. नावाची अक्षरं आणि वर्ख १००. खोकं आणि थर्माकोल २५०. एकूण माल २,१००. वाळवण्यापासून पॉलिशपर्यंत प्रत्यक्ष कामाचे तास १०, तासाला १५० ने १,५००. झाले ३,६००. बिघाडासाठी १० टक्के म्हणजे ३६०. वीज, फोन, फोटो २४०. झाले ४,२००. त्यावर २० टक्के नफा ८४०. विक्रीची किंमत ५,०४०, कुरिअर वेगळं.

सुरुवातीला बहुतेक जण स्वतःचे तास सोडून देतात आणि ३,००० ला विकतात. मग महिन्याला दहा ऑर्डर झाल्या की रात्री जागून काम होतं आणि हातात काहीच उरत नाही. दर वाढवायला गेलं की जुन्या ग्राहकांच्या ओळखीचे नवे ग्राहक नाराज होतात. पहिल्याच ऑर्डरपासून तास धरा.

ग्राहकाशी काय ठरवून घ्यावं?

लिहून, व्हॉट्सॲपवर का होईना, आणि "मान्य" असं उत्तर आल्यावरच तारीख द्या. निम्मी रक्कम आगाऊ. हार खराब अवस्थेत आला तर फोटो पाठवून सांगितलं जाईल आणि ग्राहक ठरवेल. रंग बदलतील, कोणत्या फुलाचा कसा, त्याचा नमुना फोटो. काही सूक्ष्म बुडबुडे राहतील. तयार व्हायला ६ ते ८ आठवडे. आणि उन्हात ठेवलं तर पिवळं पडेल.

या शेवटच्या मुद्द्यावर आमचं ठाम मत आहे. "कधीच पिवळं पडणार नाही" असं जाहिरातीत लिहिणं चुकीचं आहे. अतिनील किरणरोधक मिसळलेलं रेझिनही पिवळं पडतं, फक्त उशिरा. लोकांनी आयुष्यातली एक वस्तू विश्वासाने दिलेली असते. त्यांना खरं सांगा, आणि खिडकीपासून दूर लावायला सांगा.

चुकून ग्राहकाचा ठोकळा बिघडलाच तर?

म्हणूनच सगळी वाळलेली फुलं एका ठोकळ्यात घालायची नाहीत. एक चतुर्थांश फुलं बाजूला घट्ट डब्यात ठेवा आणि वस्तू ग्राहकाच्या हातात पोहोचेपर्यंत ती टाकू नका. बिघडलं तर त्याच दिवशी कळवा, उरलेल्या फुलांचा लहान ठोकळा करून द्या आणि पैसे परत करण्याची तयारी ठेवा. बाजारातली फुलं वाळवून गुपचूप घालणं ही फसवणूक आहे.

ऑर्डर कुठून येतात?

इन्स्टाग्रामवरून येतात, पण हार करणारे, लग्नाचे फोटोग्राफर, मेकअप करणाऱ्या ताई आणि मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक यांच्याकडून येणारी ऑर्डर पक्की असते. त्यांना एक छोटा नमुना भेट द्या, टेबलावर राहील असा. हारवाल्या दादांशी ओळख झाली की आणखी फायदा: हारावर पाणी कमी मारा, निशिगंध कमी घाला, असं आधीच सांगता येतं. फोटो टाकण्यापूर्वी ग्राहकाची परवानगी घ्या, नावं आणि तारीख दिसत असतील तर नक्कीच.

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि उन्हाळ्यापर्यंत काम असतं. चातुर्मासात जावळ, बारशाच्या आठवणी, घराच्या पाट्या. चहाचे कोस्टर विकत असाल तर उकळत्या चहाच्या पेल्याने वळ उठतो हे सांगा, कारण साधं इपॉक्सी ५० ते ६० अंशांनाच मऊ पडू लागतं. ताटावर थेट खाऊ ठेवायला विकू नका. दिवाळीत पणतीसारखे रेझिनचे दिवे करण्याचा मोह टाळा, इपॉक्सी जळतं.

नोंदणी काय काय लागते?

उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची. महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगार असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. जीएसटीची नोंदणी राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्यांना वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, सेवा देणाऱ्यांना २० लाखांपर्यंत. इथे ग्राहकाचीच फुलं घेऊन काम होतं, त्यामुळे ही वस्तूची विक्री की सेवा, हे परराज्यात पाठवण्याआधी सीएला विचारा, नियम दोन्हींना वेगळे आहेत. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत हार करणारे मालाकार आहेत, रेझिनकाम नाही. साहित्यासाठी लहान कर्ज हवं असेल तर मुद्रा कर्ज योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतं.

पाठवताना ठोकळा फुटतो का?

फुटत नाही, पण कोपरा उडतो आणि चरे पडतात. शिवाय नुकताच बसलेला ठोकळा मऊ असतो, बबल रॅपचे गोल ठसे त्यावर उमटतात. पॉलिशनंतर आठवडाभर थांबा, आधी बटर पेपर, मग फोमची पट्टी, मग बबल रॅप, चारही कोपऱ्यांना थर्माकोल, आणि दुहेरी खोकं. एप्रिल-मेमध्ये कुरिअरची गाडी भट्टीसारखी तापते, तेव्हा ठोकळा आडवा, सपाट तळावर ठेवून बांधा. उभा ठेवला तर पातळ तुकडे वाकतात.

घरी पोहोचल्यावर ग्राहकाने कसा जपायचा?

मऊ ओल्या कपड्याने पुसायचा. कॉलिन, सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर नको. देवघराजवळ ठेवणार असतील तर समईपासून दोन हात लांब. आणि हे सगळं छापलेली चिठ्ठी खोक्यात टाका, कारण सहा महिन्यांनी फोन येतो तो हेच विचारायला.